हुकावर किती वजन बसतं?

आमच्या ट्रॅक्टरच्या हुकाला किती वजन सोसतं, हा प्रश्न मला पडला तो नवी ट्रॉली घ्यायची ठरली तेव्हा. सासऱ्यांच्या मागे शिरोळ तालुक्यातली त्यांची ऊसशेती आणि ट्रॅक्टर माझ्याकडे आला. त्याआधीचं माझं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलेलं. कारखान्याचा ऊस ठेकेदाराच्या गाड्या नेतात, पण शेणखत, माती, विटा, बेणं अशी घरची ने-आण करायला एक दोनचाकी ट्रॉली हवी होती. पैसे मी देणार, कागदावर सही माझी, आणि त्या ट्रॉलीच्या पुढे बसणार आमचे ड्रायव्हर मामा. त्यांच्या घरी दोन लहान नाती आहेत. सही करण्याआधी नीट विचारून घ्यावं असं मला वाटलं.

विचारलं, तर तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली. ट्रॉली बनवणारा म्हणाला, "दहा टन भरा वैनी, बिनघोर." शोरूममधल्या मुलानं माहितीपत्रक उघडून दाखवलं, "मॅडम, लिफ्टिंग कपॅसिटी अठराशे किलो." मामा म्हणाले, "पुढची चाकं जमिनीला टेकल्यात तवर चालतंय." मी तिन्ही उत्तरं वहीत एकाखाली एक लिहिली आणि ताळा बसतोय का ते बघत बसले. बसेना. तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

सुरुवात ट्रॅक्टरच्या मागे गोणपाट टाकून, त्यावर बसून केली. मामा एकेका भागावर हात ठेवून नाव सांगायचे आणि मी लिहून घ्यायची. मागच्या दोन्ही बाजूंनी निघालेले दोन लोखंडी हात म्हणजे खालच्या लिंका, वर मधोमध तिसरी ती टॉप लिंक. या तिघींवर नांगर किंवा रोटाव्हेटर बसतो आणि हायड्रॉलिकच्या जोरावर वर-खाली होतो. शोरूममधल्या मुलाचे अठराशे किलो हे या हातांचे. ट्रॉलीचा या हातांशी काही संबंधच नाही. ट्रॉली अडकते ती त्यांच्या मध्ये, खाली, गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टांनी आवळलेल्या ब्रॅकेटमधल्या हुकाला. ट्रॉलीच्या दांडीची कडी हुकाच्या दोन पाकळ्यांमध्ये येते आणि वरून पीन घातली की जोड पुरी. माहितीपत्रकातला सगळ्यात ठळक आकडा माझ्या कामाचा नव्हता.

मग मामांनी पीन काढून माझ्या हातात दिली. वीतभर लांब, बरीच जड. वरचं टोक आणि खालचं टोक जाड, पण जिथे कडी घासते तिथे बोट फिरवलं तर ते आत गेलं. पिनेला कंबर पडली होती. त्या कमरेच्या एका बाजूला लोखंड आरशासारखं चकचकीत, दुसऱ्या बाजूला गंज. खालच्या भोकात क्लिप असायला हवी, तिथे तारेचा पिळा. "गेले दोन सीझन हाय अशीच," मामा म्हणाले. सगळा भार ज्या एका लोखंडी तुकड्यावर, तोच निम्मा झिजलेला. ट्रॉलीच्या आधी मी पीन विकत घेतली, आणि तिच्याबरोबर क्लिपाही.

माझा भाचा अमेरिकेत टेक्ससमध्ये असतो. त्याच्या मोटारीला मागे छोटी ट्रेलर जोडायची सोय आहे. फोनवर मी त्याला माझा प्रश्न सांगितला, तर त्यानं आपल्या मोटारीखाली वाकून हिचवर रिबिटानं ठोकलेल्या पत्र्याचा फोटोच पाठवला. "मावशी, यावर दोन आकडे आहेत ते बघ," तो म्हणाला. पहिला २,००० पौंड, म्हणजे साधारण ९०० किलो. हे मागे ओढायच्या भरलेल्या ट्रेलरचं एकूण वजन. दुसरा २०० पौंड, म्हणजे ९० किलो. ट्रेलरचं तोंड हिचवर उभं खाली जेवढं दाबेल तेवढं. तिकडे हिचचे वर्गच पाडलेले आहेत. पहिल्या वर्गाला २,००० आणि २००, दुसऱ्याला ३,५०० आणि ३५०, असे पुढे चढत जातात. हिचवर एक आकडा, त्यात बसणाऱ्या गोळ्यावर दुसरा, मोटारीच्या पुस्तिकेत तिसरा, आणि त्यांतला जो सगळ्यात लहान तोच खरा मानायचा. दारातून आत बसताना दिसेल अशा जागी मोटारीवर आणखी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहिलेलं. हिचवर दाबणारे किलोही त्या सामानातच धरायचे. चार धट्टीकट्टी माणसं आत बसली की हिचच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

त्या फोटोनं माझं डोकं जरा उघडलं. वजन दोन तऱ्हेचं असतं. एक मागे ओढलं जाणारं, दुसरं हुकावर बसणारं. ट्रॉलीवाल्याचे दहा टन हे पहिल्या तऱ्हेचे. दोन टनांचा ट्रॅक्टर दहा टन कसा ओढतो, याचं मला कोडं होतं. पण चाकांवरचं वजन ओढायला त्या वजनाएवढा जोर लागत नाही. सपाट डांबरी रस्त्यावर दहा टन चालते ठेवायला साधारण दोनशे-अडीचशे किलोची ओढ पुरते. दहा फुटांना एक फूट चढ लागला की त्यात आणखी एक हजार किलोंची भर पडते, आणि ओल्या रानात चाकं रुतली की हिशेबच बदलतो. म्हणजे ट्रॉलीवाला खोटं बोलत नव्हता. तो सपाट रस्त्याचं सांगत होता. आमच्या शेतातून हमरस्त्याला लागायचा तो चढ त्याने कधी पाहिलेला नव्हता.

हुकावर बसणाऱ्या वजनाचं मला शिकवलं ते आबांनी. आबा माझे चुलत सासरे, ऐंशीच्या पुढचे. बैलगाडीतून कारखान्याला ऊस घालण्यात त्यांची उमेद गेली. मी त्यांच्यापुढे वही धरली, तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवायला सांगितली. "गाडी भरताना धुरा हातानं उचलून बघायचा," ते म्हणाले. "मागं जास्त झालं की गाडी उलाळ. जू वर उठतंय आणि जुपण्यांनी बैलाला फास बसतोय. पुढं जास्त झालं की धुरजड. मग बैलाचं खांदं येत्यात. बैलाच्या खांद्यावर थोडं वजन पाहिजेच, पण थोडंच." मी भाच्याचा दहा ते पंधरा टक्क्यांचा नियम त्यांना सांगितला. मोटारीमागच्या ट्रेलरचं एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन हिचवर यावं. कमी आलं तर वेगात ट्रेलरची शेपूट डावी-उजवीकडे झोडपू लागते आणि मोटारीलाही फरफटत नेते. जास्त आलं तर मोटारीचं मागचं अंग बसतं. आबांनी मान डोलावली. त्यांना त्यात नवीन काहीच नव्हतं.

ट्रॅक्टरच्या बाबतीत एक फरक आहे, तो मामांनी दाखवला. चारचाकी ट्रॉलीला पुढेही अ‍ॅक्सल असतो, तो टर्नटेबलवर फिरतो आणि ट्रॉलीचं सगळं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर राहतं. हुकाला फक्त ओढायचं काम. दोनचाकी ट्रॉलीचा अ‍ॅक्सल मुद्दाम थोडा मागे बसवलेला असतो, म्हणजे पुढचा हिस्सा ट्रॅक्टरवर रेलतो. या रेलण्यानेच ट्रॅक्टरची मोठी चाकं जमिनीला घट्ट धरतात आणि चिखलात गरगरत नाहीत. हुकावरचं वजन हा निव्वळ भार नसून कामाची गोष्ट आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. प्रश्न उरला तो किती चांगलं, याचा.

हे मोजता येतं का? बँकेत असताना काट्याशी कधी संबंध आला नव्हता, पण आमच्या भागात वजनकाटा शोधावा लागत नाही. आधी नुसता ट्रॅक्टर काट्यावर घेतला. मामा सीटवर होतेच. भरला २,१०० किलो. मग पुढची चाकं तेवढी काट्यावर ठेवली, ती ८२० किलो. म्हणजे मागच्यांवर १,२८०. नंतर ट्रॉली जोडून त्यात विटा भरल्या, आणि ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर ठेवून ट्रॅक्टर तेवढा काट्यावर उभा केला. आकडा आला २,८००. वाढलेले ७०० किलो हेच हुकावर बसलेलं वजन. काटा आणि रस्ता एका पातळीत हवा, नाहीतर आकडा फसवतो, हे काट्यावरच्या पोरानं आधीच बजावलं होतं.

एवढ्यावर मी निघालेच होते. मामा म्हणाले, "पुढची चाकं बगा की परत." पुढची चाकं आता ५८० किलो होती. म्हणजे मागच्यांवर २,२२०. मी वहीत वजाबाकी केली, पुन्हा केली. हुकावर ठेवले ७०० आणि मागच्या चाकांवर वाढले ९४०! वरचे २४० आले कुठून? पुढच्या चाकांवरून. हुक मागच्या अ‍ॅक्सलच्या पाठीमागे सत्तर सेंटिमीटरवर आहे, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर दोन मीटर. मागच्या अ‍ॅक्सलला टेकू मानलं तर शेपटीवर ठेवलेलं वजन डोकं वर उचलणारच. ७०० ला ७० ने गुणायचं, २०० ने भागायचं. येतात २४५. काट्यावर आलेल्या २४० च्या अगदी जवळ. पुढच्या चाकांवर वजन नसेल तर स्टिअरिंग फिरवून ट्रॅक्टर वळत नाही, सरळ जात राहतो. मामांचं पहिल्या दिवशीचं उत्तर तिघांत सगळ्यात बरोबर होतं. त्यांनी ते किलोत सांगितलं नव्हतं, इतकंच.

फक्त चाकं टेकलेली असणं पुरत नाही. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहावा, असा सर्वमान्य नियम आहे. आमच्या २,१०० चा पाचवा हिस्सा ४२०. होते ८२०, म्हणजे सोडता येतात ४००. उलटा हिशेब केला, ४०० गुणिले २०० भागिले ७०, तर हुकावर १,१४० किलो चालतील असं आलं. मोठ्या समाधानानं मी तो आकडा चौकटीत लिहिला आणि मामांना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "हे उभ्या गाडीचं का चालत्या?"

उभ्या गाडीचं होतं. ट्रॅक्टर ओढू लागला की आणखी एक गोष्ट घडते. हुक जमिनीपासून जेवढा उंच, तेवढी ओढ ट्रॅक्टरचं तोंड उचलते. हजार किलोची ओढ, हुकाची उंची पन्नास सेंटिमीटर, तर पुढच्या चाकांवरून आणखी २५० किलो जातात. चढावर ट्रॅक्टरचा स्वतःचा भारही मागे सरकतो. म्हणजे शेतातून रस्त्याला चढताना, नेमका जिथे ट्रॅक्टर वळवायचा असतो तिथेच, पुढची चाकं सगळ्यात हलकी होतात. १,१४० चा आकडा मी खोडला. ट्रॅक्टरसोबत आलेली पुस्तिका सासऱ्यांच्या कपाटात सापडली. तिच्यात हुकावरच्या उभ्या वजनाची मर्यादा छापलेली होती आणि ती माझ्या हिशेबाहून लहानच निघाली. शोरूममधल्या मुलानं ते पान उलटलंच नव्हतं. मीही आधी पुस्तिका मागितली नव्हती.

ओढीच्या उंचीचा हा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. रुतलेली ट्रॉली काढायला काही जण साखळी वर, टॉप लिंकच्या जागी अडकवतात. ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या वर गेली आणि चाकांनी जमीन धरली, तर ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरून उलटा होतो. ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरांत हे नांगरतानाही व्हायचं. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहायचा. उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने त्यावर डोकं चालवलं आणि १९२६ साली तीन लिंकांच्या जोडणीचं पेटंट घेतलं. नांगर अडला की तीच जोडणी ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबते. आमच्या ट्रॅक्टरच्या मागे ज्या तीन लिंका मी गोणपाटावर बसून मोजल्या, त्या फर्ग्युसनच्याच. ट्रॅक्टर उलटला तरी ड्रायव्हर चिरडू नये म्हणून स्वीडनने तर १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला ड्रायव्हरभोवती मजबूत सांगाडा सक्तीचा केला. हे वाचल्यावर मी मामांना हात जोडून सांगितलं, की साखळी लावायची तर खालच्या हुकालाच, मग ट्रॉली दिवसभर रुतून राहिली तरी चालेल.

मग भरायला शिकले. वजन तेवढंच असून ते कुठे ठेवलंय यावर सगळं ठरतं. आमच्या ट्रॉलीची कडी ते अ‍ॅक्सल अंतर साडेतीन मीटर. मागच्या टोकाच्या ५०० किलो विटा दोन मीटर पुढे सरकवल्या की हुकावर जवळजवळ २९० किलो वाढतात. ट्रॉलीत एकही वीट जास्तीची टाकलेली नसते. उतरवताना याच्या उलट जपावं लागतं. गडी ट्रॉलीत चढून पुढच्या बाजूनं रिकामी करू लागले, तर सगळा माल अ‍ॅक्सलच्या मागे उरतो आणि ट्रॉली उलाळ होते. दांडी हुकाला वर ओढते, आणि पीन काढलेली असली तर ताडकन वर उसळते. त्या दांडीजवळ कुणी उभं असलं तर हनुवटीच जायची. उतरवायला मागून सुरुवात करायची, आणि दोनचाकी ट्रॉली भरलेली असताना जॅक नीट लावल्याशिवाय पिनेला हात लावायचा नाही.

उताराचं तर मी मनात आणलंच नव्हतं. आमच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. उतारावर ती ढकलते आणि सगळं थांबवायचं काम ट्रॅक्टरवर येतं. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात जागच्या जागी वळायला. रस्त्यावर दोन्ही पॅडल पट्टीने एकत्र अडकवावेच लागतात. एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला आडवा पाडते. आमची पट्टी गंजून जाम झालेली होती. ती मोकळी करून घेतली. न्यूट्रलमध्ये उतार उतरायचा नाही, ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, असं मामा स्वतःहून म्हणाले. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे ड्रायव्हर त्यांनी बरेच पाहिलेत.

हंगामात आमच्या रस्त्यावरून एकापाठी एक दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर जातात. पुढचं तोंड उचलू नये म्हणून काहींनी बंपरवर लोखंडी वजनं बांधलेली असतात, काहींनी पोती. कधी बॉनेटवर माणूसच बसलेला असतो. वजनं बांधली की स्टिअरिंगला पकड येते, हे खरं. पण हुकावरचा आणि पिनेवरचा भार त्यानं एका किलोनेही कमी होत नाही. आणि माणूस हे काही वजन नाही. ड्रायव्हरांना मी दोष देत नाही. खेपेवर पैसे मिळतात आणि पोरांची शाळा त्यावर चालते. पण ज्यांच्या नावावर ट्रॅक्टर आहे ते आपल्यासारखे लोक घरी झोपलेले असतात, आणि पीन झिजलीय की नाही हे बघायला वाकणंही आपल्या जिवावर येतं.

ट्रॉली तर घेतली होतीच. आमच्या हुकावर ७०० किलोंच्या वर बसू द्यायचं नाही असं मी आणि मामांनी मिळून ठरवलं. पुस्तिकेतली मर्यादा त्याहून वर आहे, पण आमच्या चढासाठी आम्ही हातचे राखलेत. ट्रॉलीच्या आतल्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारलीय. त्या रेघेच्या पुढे विटांचा दुसरा थर चढत नाही.

तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर गळीत हंगाम सुरू होण्याआधी एकदा मागे वाकून बघा. पीन काढून तिच्यावर बोट फिरवा. बोट आत गेलं तर पीन बदला, आणि तारेचा पिळा काढून क्लिप लावा. ब्रॅकेटचे बोल्ट आवळून घ्या. पुस्तिका काढून हुकावरच्या उभ्या वजनाचा आकडा शोधा, आणि सापडला नाही तर शोरूमकडून लेखी मागा. लिफ्टचा आकडा दाखवला तर तो नको म्हणा. आणि भरलेली ट्रॉली एकदा काट्यावर नेऊन पुढच्या चाकांवर किती उरतं ते मोजा. काट्याचे पैसे पिनेपेक्षाही कमी लागतात.